सोळाशे मीटरचा हिवाळा

डिसेंबरात पहाटे पाचला सेनगावातून रिसोडकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभं राहिलं, तर पोरं आधी दिसत नाहीत, ऐकू येतात. आधी बुटांचा धपधप आवाज, मग धापा, मग कुणाच्या तरी खिशात वाजणारं गाणं. मोबाइलचे दोन-तीन दिवे हलत हलत जवळ येतात आणि त्यांच्यामागून पंधरा-वीस पोरं अंधारातून बाहेर पडतात. पुलाजवळ मोटारसायकल स्टँडवर लावून एक जण बसलेला असतो. कानटोपी, मफलर, हातात घड्याळ लावलेला मोबाइल. "पाच पस्तीस!" तो ओरडतो. पोरं गुडघ्यांवर हात टेकून वाकतात, तोंडातून वाफा निघत असतात. त्यातलाच एक म्हणतो, "पंचवीस सेकंद कुठून काढायचे रे आता?"

पंचवीस सेकंदांचा हिशोब तालुक्यातल्या कुठल्याही विशीतल्या पोराला विचारा. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत पळालं की वीसपैकी वीस गुण. शंभर मीटरचे पंधरा, गोळाफेकीचे पंधरा, एकूण पन्नास. मुलींना सोळाशेऐवजी आठशे मीटर. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. सोयाबीन आणि हरभऱ्याच्या भावावर चालणाऱ्या घरातल्या पोरासाठी हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात.

संपादकांनी हिवाळ्यातल्या मरगळीवर लिहा म्हटलं, तेव्हा मला आधी हसू आलं. थंडीत माणूस उदास होतो ही गोष्ट आपल्याकडे कुणाला सांगावी? हिवाळा म्हणजे आपला सुखाचा ऋतू. हुरडा, तिळगूळ, बाजरीची भाकरी, लग्नसराई. उदास व्हायला उन्हाळा आहे की! पण विचार करत गेलो तसं हसू मावळलं.

ही मरगळ शास्त्राच्या वहीत नोंदवली गेली ती १९८४ साली. नॉर्मन रोझेन्थल हे मनोविकारतज्ज्ञ मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे, उन्हातले. अमेरिकेत आल्यावर दर हिवाळ्यात आपला उत्साह आटतो आणि वसंतात परत येतो, हे त्यांनी स्वतःवरच पाहिलं. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशाच २९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ऋतूनुसार येणाऱ्या या नैराश्याला नाव दिलं. खूप झोप येणं, गोड आणि पिठूळ खावंसं वाटणं, माणसांत नकोसं होणं ही त्याची लक्षणं. दिवस लहान झाला की शरीराचं आतलं घड्याळ मागे पडतं, हे त्याचं एक प्रमुख कारण मानलं जातं. उपाय म्हणून सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसायला सांगतात.

आता सेनगावचा हिशोब करू. आपण साधारण विसाव्या अक्षांशाजवळ. आपला सर्वांत लहान दिवस जवळजवळ अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या थोडा वर. फरक सव्वादोन-अडीच तासांचा. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोमध्ये नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. तिकडच्या माणसाला दहा हजार लक्ससाठी दिवा विकत आणावा लागतो. आपल्याकडे निरभ्र सकाळी लिंबाच्या सावलीत उभं राहिलं तरी तेवढा उजेड मिळतो, आणि भर उन्हात लाखाच्या आसपास. घरातल्या ट्यूबलाइटखाली मात्र दोनशे-तीनशे. म्हणजे सूर्य आपल्याकडे चुकत नाही. जो दुकानाच्या गल्ल्यावर, शिकवणीच्या खोलीत नाहीतर पांघरुणात मोबाइल धरून दिवस काढतो, तोच सूर्याला चुकवतो.

तरीही सेनगावच्या हिवाळ्यात एक उदासी असते आणि ती उजेडाची नसते. दिवाळी झाली की तांड्यांवरची कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पांघरुणं, शेळी, कोंबड्या आणि वर बसलेली लेकरं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळा बुडू नये म्हणून ठेवलेली पोरं. तांड्यावर संध्याकाळी सहाला जी शांतता पसरते, तिला कुठला दिवा लावणार? मार्च उजाडेपर्यंत आजी आणि नातू एकमेकांचं तोंड पाहत चुलीपुढे बसतात.

दुसरी उदासी रानातली. हरभऱ्याला पाणी द्यायचं आणि थ्री फेज लाइट या आठवड्यात रात्रीची. रात्री बाराला मोटार चालू करायची, दोन-तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे. पाइप सोडवताना उरलेलं पाणी हमखास अंगावर येतं. बाहीतून शिरून काखेपर्यंत जातं. बोटं एवढी बधिर होतात की कपलरची कडी लागली की नाही हे हाताला कळत नाही, डोळ्यांनी पाहावं लागतं. डिसेंबर २०१८ मध्ये शेजारच्या परभणीत पारा ३ अंशांवर उतरला होता. अशा रात्री ओल्या सदऱ्यात उभं राहून बघावं. सकाळी हा माणूस घरी येऊन झोपतो, दुपारी उठतो, चिडलेला असतो. आठ-पंधरा दिवस असं चाललं की घरातले म्हणतात, "ह्याचं काही बिनसलंय." बिनसलेलं असतं झोपेचं घड्याळ. सूर्य जागेवर आहे, माणूस रात्रपाळीला गेलाय.

मग या उदासीपुढे खेळाचं काय? खरं तर खेळाचं वेळापत्रक आपल्या पूर्वजांनी हिवाळ्यातच बसवलं होतं. खरीप निघालेलं, राने मोकळी, अंगाला घाम येत नाही, मातीत पडलं तरी चिखल होत नाही. जत्रा, यात्रा आणि कुस्त्यांच्या दंगली याच दिवसांत सुरू होतात. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला मार्गशीर्ष अखेर खंडोबाची यात्रा भरते. तिथे घोडे आणि बैल बघायला जेवढी गर्दी, तेवढीच कुस्त्यांना. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला वेळ अमावस्या असते. त्या दिवशी शहरातले रस्ते ओस पडतात आणि अख्खं गणगोत रानात जमतं. कोपीपुढे पंगत, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील आणि जेवणानंतर झाडाला बांधलेला झोका. युरोपातल्या डॉक्टरांनी हिवाळ्यावर जी चिठ्ठी लिहून दिली असती, तीत यापेक्षा वेगळं काय असतं? ऊन, माणसं, पायी चालणं, पोटभर अन्न. आमच्या हिंगोलीकडे ही अमावस्या तेवढ्या जोरात नसते, याची मला दरवर्षी असूया वाटते.

लहानपणी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. थंडी वाजते म्हणून आम्ही खेळायचो, एवढंच. सकाळी आई अंगणात हाकलून द्यायची, "शेकत बसू नको, पळ जरा." लंगडी, आट्यापाट्या, खो-खो. यातल्या एकालाही साहित्य लागत नाही. आट्यापाट्यांच्या रेघा राखेने आखायच्या. खो-खोला दोन खुंट मिळाले की झालं, नाहीतर दोन पोरंच खुंट म्हणून उभी करायची. याच खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला आणि भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. त्या आठवड्यात आमच्या शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा पुन्हा दिसल्या. पुढच्या आठवड्यात त्या पुसट झाल्या, हेही सांगायला हवं.

खेळाने मन सावरतं हे नुसतं बोलायला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने नैराश्य आणि व्यायाम यांवरच्या २१८ चाचण्यांचा एकत्र आढावा छापला. चालणं-पळणं, योगासनं, वजनं उचलणं, सगळ्यांचा उपयोग दिसला आणि जोर जितका अधिक तितका फायदा अधिक. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती मानसोपचारातली एक साधी युक्ती: मन लागण्याची वाट पाहू नका, आधी उठा. 'मन लागलं की जाईन' म्हणणारा जात नाही. गेला की लागतं.

याचं सर्वांत अवघड ठिकाणी झालेलं प्रात्यक्षिक अंटार्क्टिकाजवळचं. जानेवारी १९१५ मध्ये अर्नेस्ट शॅकल्टनचं 'एन्ड्युरन्स' जहाज वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलं. अठ्ठावीस माणसं, मे महिन्यापासून सूर्य गायब. शॅकल्टनला बर्फाइतकीच भीती होती ती माणसं खचण्याची. म्हणून बर्फावर फुटबॉल, कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत, रात्री नकला आणि गाणी. पुढे जहाज चेपलं गेलं, तेव्हा सामान टाकून द्यायचा हुकूम निघाला. सोनंनाणं बर्फावर पडलं, पण हसी नावाच्या सहकाऱ्याचा बँजो मात्र शॅकल्टनने मुद्दाम ठेवायला लावला. १९१६ मध्ये ते अठ्ठावीसही जण जिवंत परतले. आपल्याकडे ढोलकी ठेवायला लावली असती.

इतकं लांब कशाला, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा घ्या. तिथला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनच्या बर्फात त्याने पहारा दिला, मग राजस्थानच्या वाळूत. पळण्याच्या स्पर्धांकडे तो वळला ते त्यानंतर. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्य मिळालं. सुवर्ण हुकलं ते पाच शतांश सेकंदाने. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण घेतलं. रिसोड रस्त्यावरच्या पोरांच्या मोबाइलवर त्याचे व्हिडिओ असतात. गंमत अशी की पोरं त्याची शेवटची चारशे मीटर बघतात, मी त्यांना राष्ट्रकुलचा शेवट बघायला सांगतो. पाच शतांशाने हरलेला माणूस अंतिम रेषेनंतर काय करतो, ते बघण्यासारखं असतं.

कारण मनाच्या कणखरपणाचा आपल्याकडे एक चुकीचा अर्थ रुळलाय. 'मन घट्ट कर' म्हणजे रडू नको, बोलू नको, गिळून टाक. कुस्तीच्या फडात गेलात तर वेगळं दिसेल. पाठ लागलेला पैलवान उठतो, जिंकलेल्याचा हात हातात घेतो, अंगावरची माती झटकतो आणि हजार माणसांदेखत चालत बाहेर येतो. पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावच्या फडात पुन्हा लंगोट कसतो. हरणं चारचौघांत पचवण्याची ही तालीम पुस्तकात मिळत नाही. भरतीत दोन गुणांनी राहिलेल्या पोराला नेमकी तीच मिळालेली नसते, कारण तो एकटा पळाला, घड्याळाशी पळाला आणि एकटाच घरी परतला. यादी लागल्यानंतरच्या महिन्यात अशी पोरं घराबाहेर पडत नाहीत. ती मरगळ कुठल्याही ऋतूची नसते.

मुलींचं चित्र मात्र बदलताना मी पाहिलंय. तेरा-चौदाची झाली की आमच्याकडे मुलगी मैदानातून गायब व्हायची. तिचा खेळ म्हणजे संक्रांतीचं वाण. आता पहाटे ट्रॅक पँट घालून आठशे मीटर पळणाऱ्या पोरी दिसतात. मागून भाऊ किंवा बाप मोटारसायकलचा दिवा पाडत येतो. बाप गारठलेला, पोरगी घामाघूम. एका बापाला मी म्हटलं, "तुम्हीपण पळा की, थंडी तरी जाईल." तो म्हणाला, "सर, दिवा कोण धरील मग?"

साहसासाठी सह्याद्री लागतो असं समजू नका. तालुक्याच्या कडेला पूर्णेवर येलदरीचं पाणी पसरलंय आणि खाली सिद्धेश्वरचं. हिवाळ्यात तिथे पाहुणी बदकं उतरतात. चक्रवाक येतात. पट्टकादंब हंस दिसला तर पाचवीतल्या पोरालाही सांगा की हा पक्षी हिमालय ओलांडून आलाय. सात हजार मीटरच्या वर उडताना त्याची नोंद झालेली आहे. सायकलवर पहाटे निघायचं, डब्यात भाकरी-ठेचा, एक दुर्बीण चौघांत. मी वर्गातली पोरं नेली तेव्हा वर्गात तोंड न उघडणारा तांड्यावरचा एक मुलगा पाण्याकडे बोट करून पक्ष्यांची आपल्या तांड्याच्या भाषेतली नावं सांगत सुटला. त्याचे आई-बाप तेव्हा ऊसतोडीला गेले होते. परतताना तो सायकलवर सगळ्यांत पुढे होता.

दोन-तीन गोष्टी मास्तरकीच्या सवयीने सांगून टाकतो. आमच्याकडे डिसेंबरात सूर्य पावणेसात-सातला उगवतो. पाचला पळून साडेपाचला परत पांघरुणात शिरणाऱ्याला व्यायाम मिळतो, उजेड मिळत नाही. म्हणून उगवल्यानंतर अर्धा तास तरी बाहेर राहा. साठीच्या पुढच्यांनी आणि रक्तदाबवाल्यांनी मात्र कडाक्याच्या थंडीत पहाटे पळायचं धाडस करू नये, उन्हं वर आल्यावर चालावं. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये, तिचा धूर दिसत नाही आणि जीव घेतो. आणि पंधरा दिवसांहून जास्त काळ झोप, भूक, कामातला रस गेलेला असेल, जगावंसं वाटत नसेल, तर मैदान पुरत नाही. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो लावायला लाजू नये. पाय मोडला तर आपण तालमीत जात नाही, दवाखान्यात जातो.

गेल्या जानेवारीत एका सकाळी मी पोरांना उन्हं येईपर्यंत थांबवून घेतलं. थांबून करायचं काय, हा प्रश्न होता. एकाने बांधावरच्या बाभळीची फांदी तोडली, दुसऱ्याने कोयत्याने टोकं तासून विटी केली, राहिलेल्याचा दांडू. बुटाच्या टाचेने गल खणली. सोळाशे मीटर पाच बावीसमध्ये पळणारा पोरगा पहिल्याच फटक्यात विटी चुकला. हसण्याचा जो गलका उठला त्याने कडेच्या तुरीतले पारवे उडाले. मग विटी उडाली, लांब गेली, थेट हरभऱ्यात. ती शोधताना चौघांनी घाटे तोडून तोंडात टाकले, तर शेताचा मालक बांधावरून ओरडत आला आणि दोन मिनिटांनी दांडू हातात घेऊन उभा राहिला. त्याने मारलेला फटका किती दांडूंचा, यावर भांडण जुंपलं. एक बाजू म्हणत होती अडतीस, दुसरी म्हणत होती बत्तीस, कारण मालकाचा दांडू मोजताना तिरका पडत होता. मोटारसायकलवरच्या घड्याळवाल्याला पंच म्हणून बोलावलं, तर तो मोबाइल खिशात टाकून म्हणाला, "थांबा, आधी माझा डाव होऊ द्या."