बाळाची लाली आणि घरचे वैद्य

एकत्र कुटुंबांत मूल आजारी पडलें म्हणजे त्याला वैद्यांची उणीव कधींच भासत नाहीं. आजी, आत्या, थोरल्या जाऊबाई, शेजारच्या काकू आणि सुटींत घरीं आलेला शास्त्रशाखेचा पुतण्या, असे सारेच आपापली विद्या घेऊन पुढें सरसावतात. सर्दी-खोकल्यासारख्या दुखण्यांत ही आस्थेवाईक माणसांची गर्दी पुष्कळदां उपयोगीच पडते. परंतु बालकाच्या बैठकीच्या जागीं व जांघेंत येणाऱ्या लालीच्या बाबतींत तिच्यामुळें आमच्या स्वतःच्या घरीं काय घडलें, तें सांगावें आणि त्या निमित्तानें या क्षुल्लक वाटणाऱ्या दुखण्याचें थोडें विवेचन करावें, असें आम्हीं योजिलें आहे.

आमची धाकटी नात त्या वेळीं १४ महिन्यांची होती. श्रावणाचे दिवस, दोरीवरचीं दुपटीं दोन-दोन दिवस वाळत नव्हतीं. कान दुखूं लागल्यामुळें डॉक्टरांनीं तिला जंतुनाशक औषध दिलें होतें आणि त्या औषधानें तिला पातळ शौचास होऊं लागलें होतें. तिसऱ्या दिवशीं जांघेंत लाली दिसली. आजींनीं खोबरेल चोळलें, काकूंनीं वेखंडाची पूड लावली, कोणी सुगंधी पावडर भुरभुरली, कोणी हळद-साय सुचविली. शेवटीं आम्हीं कपाटांतून पुतण्याच्या गजकर्णासाठीं आणलेली मलमाची नळी काढली. तिच्यावर बुरशीच्या औषधाचें नांव होतें, तेवढेंच आम्हीं वाचलें. त्याच्या शेजारीं छापलेलीं आणखी दोन नांवें वाचण्याची तसदी घेतली नाहीं. दोन दिवसांत लाली फिकी झाली व आम्हांस मनांतून धन्यता वाटली. पुढें मलम थांबवितांच ती दुपटीनें उफाळली. लघवीचा थेंब लागला तरी मूल किंचाळे. बालरोगतज्ज्ञ बाईंनीं आधीं मूल पाहिलें, मग ती नळी पाहिली आणि शांतपणें विचारलें, "हिच्यावर सध्यां किती जणांचे उपचार चालूं आहेत?" उत्तर देतांना आम्हांस सात बोटें मोडावीं लागलीं.

लाली एक नव्हे, दोन

त्या दिवशीं आम्हांस प्रथम हें उमगलें कीं, बालकाची लाली दोन जातींची असते. पहिली साधी, ती ओलाव्यानें व घर्षणानें होते. मलांत अन्न पचविणारीं द्रव्यें असतात. लघवीच्या सान्निध्यानें कातडीची स्वाभाविक आम्लता उणावली म्हणजे त्या द्रव्यांचा जोर वाढतो आणि तीं कोंवळी कातडी सोलवटून टाकतात. ही लाली लंगोट वा डायपर जेथें घट्ट टेकतो त्या उंचवट्यांवर दिसते. जांघेच्या घड्यांचा तळ बहुधा मोकळा असतो. जागा स्वच्छ व कोरडी राखली तर दोन-तीन दिवसांत ती उतरूं लागते.

दुसरी लाली बुरशीची. ती नेमकी घड्यांच्या तळाशीं घर करते. तिचा रंग जास्वंदीसारखा गडद असतो. सांवळ्या मुलांत तो काळपट-जांभळट दिसतो. कडा स्पष्ट असून तेथें कधीं बारीक पापुद्रा सुटतो. सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे, मोठ्या बेटाभोंवतीं लहान बेटें विखुरलेलीं असावींत तसे मुख्य चट्ट्याबाहेर सुटे सुटे लाल पुटकुळ्यांचे ठिपके. याच्या जोडीला जिभेवर व गालांच्या आंतील बाजूस दह्याच्या कवडीसारखे, पुसतां न जाणारे पांढरे डाग असले तर संशयास फारशी जागा राहत नाहीं. नीट निगा राखूनही तीन दिवसांत साधी लाली हटली नाहीं, तर तीवर बुरशीनें ठाणें मांडलें असावें असें समजून चालावें.

ही बुरशी येते कोठून?

या बुरशीचें शास्त्रीय नांव कँडिडा आल्बिकन्स. लॅटिन भाषेंतील या दोन्ही शब्दांचें मूळ 'पांढरें' या अर्थाशींच जाऊन भिडतें. पावाचें पीठ फुगविणाऱ्या यीस्टच्या गोत्रांतलीच ही एक सूक्ष्म सृष्टि. पण ती कोणा परक्यानें घरांत आणलेली नसते. निरोगी माणसाच्या तोंडांत व आंतड्यांतही ती गुपचूप नांदत असते आणि तेथील इतर सूक्ष्मजंतु तिला आवरून धरतात. कानाच्या वा घशाच्या दुखण्यासाठीं जंतुनाशक औषध दिलें म्हणजे रोगजंतूंबरोबर हे पहारेकरीही मारले जातात. मग बुरशी माजते, मलावाटे बाहेर येते, आणि डायपरखालीं तिला ऊब, ओल व अंधार हीं तिन्ही एकदम लाभतात. लोणच्याच्या बरणींत कोरडा डाव घातला तर वर्षभर कांहीं होत नाहीं. एकदां ओला चमचा गेला कीं आठवड्यांत बुरा चढतो. बाळाच्या जांघेचाही न्याय हाच आहे.

जंतूंवरील औषध बुरशीवर चालत नाहीं, हें ज्ञान फार जुनें नाहीं. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्यखात्यांत एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन या दोन विदुषी काम करीत. एक न्यूयॉर्क शहरांत, दुसरी ऑल्बनी येथें. मातींतून बुरशीनाशक द्रव्य शोधण्यासाठीं त्या काचेच्या बरण्यांतून नमुने टपालानें एकमेकींस धाडीत. १९५० सालीं त्यांनीं जें औषध जगापुढें मांडलें, त्यास आपल्या राज्याच्या नांवावरून निस्टॅटिन असें नांव दिलें. त्यापासून आलेलें १ कोटि ३० लाख डॉलरांहून अधिक स्वामित्वधन दोघींनीं स्वतःकडे न ठेवतां शास्त्रीय संशोधनास अर्पण केलें. आज आपल्याकडे या लालीसाठीं बहुधा क्लोट्रिमाझोलचें १ टक्क्याचें साधें मलम देतात.

घरीं करावयाचा उपचार

पहिलें औषध कोरडेपणा. डायपर किंवा लंगोट दर दोन-तीन तासांनीं, आणि शौच होतांच तत्काळ बदलावा. रात्रींही एकदां उठून पाहावें. जागा कोमट पाण्यानें धुवावी. सुवासिक ओले रुमाल व साबण या दिवसांत दूरच ठेवावेत. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानें ती टिपून घ्यावी, घासूं नये. घड्या हलक्या हातानें उलगडून त्यांचा तळही टिपावा. त्यानंतर मुलाला दहा-पंधरा मिनिटें तसेंच मोकळें खेळूं द्यावें. असें दिवसांतून तीन-चार वेळां घडलें तर उत्तम. चटई भिजेल, हें खरें. पण चटई धुतां येते.

दुसरें औषध मलमाचें. डॉक्टरांनीं निदान करून दिलेलें बुरशीनाशक मलम वाटाण्याएवढें घेऊन पातळ थरानें, चट्ट्याच्या कडेपलीकडील ठिपक्यांसह, त्यांनीं सांगितलेल्या वेळां लावावें. हें बहुधा दिवसांतून दोनदां-तीनदां असतें. तें जिरल्यावर वरून झिंक ऑक्साइडचें जाड मलम लावावें, म्हणजे पुढची लघवी कातडीपर्यंत पोंचत नाहीं. क्रम उलटा करूं नये. पुढच्या वेळीं मळलेला थर तेवढा पुसावा. सगळें झिंक खरवडून काढण्याच्या भरांत कातडीच सोलली जाते.

दोन-तीन दिवसांत उतार दिसूं लागतो. पण पूर्ण बरें वाटण्यास एक ते दोन आठवडे लागतात. लाली दिसेनाशी झाली म्हणून औषध त्याच दिवशीं बंद करूं नये. डॉक्टरांनीं नेमून दिलेले दिवस पुरे करावेत. अर्ध्यावर सोडलेली बुरशी पुन्हां डोकें वर काढते.

कापडी लंगोट वापरीत असल्यास ते उकळत्या पाण्यांत घालून धुवावेत, साबणाचा अंशही राहूं न देतां खळबळावेत आणि उन्हांत वाळवावेत. पावसाळ्यांत ऊन नसेल तेव्हां कडक इस्त्री फिरवावी. मुलाला हाताळण्यापूर्वीं व नंतर साबणानें हात धुवावेत. आमच्या आजी सोवळ्याच्या कडकपणानें हात धुण्याचा आग्रह धरीत. त्यांचें हें म्हणणें डॉक्टरीणबाईंनीं शब्दशः उचलून धरलें.

काय टाळावें

खोबरेल स्वभावतः वाईट नव्हे. परंतु ओल्या घडीवर तें थापलें कीं ओलावा आंतच कोंडला जातो. वेखंड, हळद, राख यांचे कण सोललेल्या कातडीस झोंबतात. शेक-धुरीची ऊब सुखाची असली तरी धूर बाळाच्या छातीस बाधतो. सुगंधी पावडर श्वासावाटे फुप्फुसांत जाते. बोरिक पावडर एके काळीं घरोघर असे. पण ती सोललेल्या कातडींतून शरीरांत शोषली जाऊन तान्ह्यांना विषबाधा झाल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. तिला बाळाच्या जवळ फिरकूं देऊं नये.

सर्वांत मोठा धोका मात्र आम्हीं केलेल्या चुकीचा. बुरशीनाशक, जंतुनाशक आणि स्टेरॉइड असें तिहेरी मिश्रण असलेलीं मलमें आपल्याकडे सर्रास वापरलीं जातात. स्टेरॉइड लाली दडपतें, रोग नव्हे. वरून सारें शांत दिसतें आणि बुरशी खालीं फोंफावते. शिवाय बाळाची कातडी पातळ, त्यांत डायपरचें आच्छादन. त्यामुळें तें औषध अधिक प्रमाणांत शरीरांत शिरतें. दीर्घकाळ चालल्यास कातडी विरते, इतकेंच नव्हे तर शरीरांतील ग्रंथींचें कार्यही मंदावतें. २०१८ सालीं केंद्र सरकारनें स्टेरॉइडाचीं अनेक मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. परंतु कपाटांतल्या अर्ध्या वापरलेल्या नळीस कोणाची चिठ्ठी लागत नाहीं. म्हणून नळीवरील बारीक अक्षरें वाचावींत. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असें कांहीं दिसलें तर ती नळी आपण होऊन बाळास लावूं नये. क्वचित् सौम्य स्टेरॉइड थोडे दिवस द्यावें लागतें. तें ठरविणें डॉक्टरांचें काम.

डॉक्टरांकडे केव्हां जावें

ताप आला, पुवाळलेले फोड किंवा पिवळट खपल्या दिसल्या, रक्त येऊं लागलें, लाली पोटावर वा मांड्यांवर पसरूं लागली, अथवा तीन दिवसांच्या योग्य उपचारानेंही उतार पडला नाहीं, तर विलंब करूं नये. मूल सहा आठवड्यांहून लहान असेल तर घरगुती प्रयोग मुळींच नकोत. तोंडांतही पांढरे डाग असतील आणि मूल अंगावर पीत असेल, तर आईची स्तनाग्रें दुखतात काय हेंही सांगावें. अशा वेळीं दोघांनाही औषध द्यावें लागतें. लाली वरचेवर उलटत असेल, मूल वाळत असेल, त्याला तहान व लघवी फार होत असेल, तर मुळाशीं दुसरें कारण आहे कीं काय याची तपासणी अवश्य करावी.

आमच्या घरीं त्या दिवशीं एक साधा ठराव झाला. सुनबाईंनीं एका कागदावर मलमाच्या वेळा, झिंकची वेळ व डायपर बदलल्याची नोंद लिहून तो कपाटावर चिकटविला. आणि तो कागद सांगेल त्याखेरीज कोणीं कांहीं लावावयाचें नाहीं, असें ठरलें. आजींकडे हात धुवून घेण्याचें, काकूंकडे लंगोट उकळण्याचें, पुतण्याकडे इस्त्रीचें काम आलें. आमच्या वांट्यास चटई धुणें आलें. तें आम्हीं मुकाट्यानें केलें. दहाव्या दिवशीं कातडी पूर्ववत् झाली, आणि कागदावरचे उरलेले दिवस संपेपर्यंत मलम चालूं राहिलें.

मुलावर माया करणारे हात घरांत कितीही असोत, ते थोडेच. पण औषध लावणारा हात एकच असावा, आणि त्या हातानें नळीवरील अक्षरें आधीं वाचलेलीं असावींत.