स्ट्रिप कुठून कापतात?

औषधाच्या दुकानात चार गोळ्या मागून बघा. दुकानदार दहाची स्ट्रिप कात्रीनं कापतो, पण वाटेल तिथून नाही. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख छापलेलं टोक तो स्वतःकडे ठेवतो. उरलेल्या सहा गोळ्या कुठल्या आणि कधीपर्यंतच्या, हे शेवटच्या गोळीपर्यंत कळावं म्हणून. एखादी पोरगी दोन दिवस शेजारी उभी राहून हे न सांगता उचलते. आता हे बारावीच्या गुणपत्रिकेत कुठल्या रकान्यात लिहिणार?

आपल्याकडे ते लिहावं लागतच नाही. वर्ध्याहून आर्वी रस्त्यानं निघालं की आंजी (मोठी) लागते. तिथल्या मुलीला बी.फार्म. करायचं, तर सीईटी द्यायची, कॅप राउंडचे पर्याय भरायचे आणि टीसी, डोमिसाईल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी यांची फाइल जिवापाड सांभाळायची. वर्ध्याला लागून बोरगाव (मेघे)त फार्मसी कॉलेज आहे. पण मुलगी कशी आहे हो, असं प्रवेशाच्या वेळी कुणी कुणाला विचारत नाही. मला यात खोट दिसत नाही. शिफारस म्हटली की जिथं वशिल्याचा वास येतो, तिथं गुणांची यादीच गरिबाच्या लेकीला जास्त सांभाळते.

हीच मुलगी पुढे कॉलेजची दोन-तीन वर्षं करून अमेरिकेतल्या फार्म.डी. या फार्मसीच्या पदवीला अर्ज करू लागली, तर मात्र सगळं उलटं होतं. तिथली बरीच कॉलेजं फार्मकॅस या एकाच पोर्टलवरून अर्ज घेतात. त्यावर शिफारस करणाऱ्यांची जास्तीत जास्त चार नावं देता येतात. गंमत पुढेच आहे. शिफारसपत्र मुलीच्या हाती येतच नाही! पोर्टल थेट शिफारस करणाऱ्या सरांना ईमेल करतं, सर तिथंच पत्र चढवतात. शिवाय मुलीला आधीच विचारलेलं असतं, हे पत्र पुढे कधी वाचण्याचा हक्क तू सोडतेस का? प्रवेशानंतर पत्र बघण्याचा हक्क १९७४च्या अमेरिकी कायद्यानं दिलेला, आणि तो आपणहून सोडला की पत्राचं वजन वाढतं. जिच्याबद्दल लिहिलंय ती वाचणार नाही, म्हणजे लिहिणाऱ्यानं भीड धरली नसेल, असा हिशेब.

मग ही चार माणसं कोण? आपली पहिली धाव आमदारसाहेबांच्या लेटरहेडकडे. ते इथं कुचकामी, कारण साहेबांनी मुलीला काम करताना पाहिलेलंच नसतं. काका-मामांचं पत्र बहुतेक कॉलेजं धरत नाहीत. शाळेच्या दाखल्यावरचं ‘वर्तणूक चांगली’ तर गावातल्या प्रत्येक पोराला मिळतं, म्हणून त्यातून कुणाबद्दलच काही कळत नाही. कुठे विज्ञानाचा प्राध्यापक लागतो, कुठे काम करणारा फार्मासिस्ट. प्रत्येक कॉलेजचा नियम निराळा. आंजीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजचं कस्तुरबा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही आहे. समजा, सुट्टीत मुलगी अशा ठिकाणी औषधाच्या खिडकीआड मदतीला बसली. ‘ही स्ट्रिप नेहमी तारीख राखून कापते, आणि आजीबाईंना गोळी कधी घ्यायची ते दोनदा म्हणवून घेते’, असं तिथल्या फार्मासिस्टनं लिहिलं, तर ते एक वाक्य कुलगुरूंच्या पानभर स्तुतीला भारी.

आपल्याला हे नवं नाही. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज वाचत बसलेला कृष्णराव केळुसकर गुरुजींना दिसायचा. गुरुजी विल्सन हायस्कूलचे, मुलगा एल्फिन्स्टनचा. ना त्याचे मास्तर, ना नातेवाईक! पण त्यांनी त्याला वाचताना पाहिलं होतं, पुस्तकं दिली होती. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा सत्कारात आपलं बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवलं. पुढे शिक्षणाचा पैसा अडला, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला तोही गुरुजींनीच. महिना २५ रुपये सुरू झाले. १९१३ मध्ये तोच मुलगा, भीमराव आंबेडकर, बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तेव्हा पत्रासाठी सरांकडे मुदतीच्या महिनाभर आधी जा. ‘पत्र द्याल का’ असं विचारू नका, त्याला कुणी नाही म्हणत नाही. ‘माझ्याबद्दल चांगलं लिहिण्याइतकं तुम्ही मला पाहिलंय का, सर?’ असं विचारा. सर क्षणभर अडखळले, तर चहा घ्या, नमस्कार करा आणि दुसरं दार बघा.