कॉन्कॉर्ड : देशाची शान झाली, मग धंदा का नाही झाला?

व्हिडिओत कॉन्कॉर्ड विमानाचा हिशोब घाईत झाला, तो इथे सावकाश बघू.

आधी सांगतो, विमान भन्नाट होतं. आवाजाच्या दुप्पट वेग, लंडन ते न्यूयॉर्क साधारण साडेतीन तासांत. इंजिनिअरिंगमध्ये खोट काढायला जागा नाही. गडबड होती ती ऑर्डर कोणी दिली यात.

29 नोव्हेंबर 1962 ला ब्रिटन आणि फ्रान्सच्या सरकारांनी करार केला. लक्ष द्या, करार दोन सरकारांचा होता. विमान विकत घेणाऱ्या एअरलाइन्स त्यात नव्हत्याच. अमेरिकेला आणि रशियाला दाखवून द्यायचं होतं ना! अंदाज होता साधारण 15 ते 17 कोटी पाऊंडांचा. 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा 100 कोटींच्या पुढे गेला.

मध्येच कोणी थांबवलं का नाही? प्रयत्न झाला. 1964 मध्ये ब्रिटनमध्ये हॅरॉल्ड विल्सन यांचं सरकार आलं आणि त्यांना बाहेर पडायचं होतं. पण करारात एकट्याने बाहेर पडायची वाटच ठेवलेली नव्हती. पार्टनरशिप डीड करताना हे कलम विसरू नका बरं का. शिवाय इतके पैसे घातलेत, आता कसं सोडायचं, हा विचार होताच. या चुकीला इंग्रजीत 'कॉन्कॉर्ड फॅलसी' असंच नाव पडलं. आपल्या हिशोबात याला बुडीत खर्च म्हणायचं. गेलेला पैसा पुढे जायचं कारण होऊ शकत नाही.

मानापमान किती, तर नावाच्या शेवटी फ्रेंच पद्धतीने 'ई' अक्षर लावायचं की नाही यावरूनही रुसवेफुगवे झाले. ब्रिटनने ते काढलं होतं. 1967 मध्ये मंत्री टोनी बेन यांनी ते परत लावलं.

आता गिऱ्हाईक बघा. सुरुवातीला सत्तरच्या वर विमानांसाठी एअरलाइन्सनी नंबर लावून ठेवला होता. त्यात आपल्या एअर इंडियाचीही दोन होती. पण नंबर लावणं म्हणजे खरेदी नव्हे. 1970 मध्ये बोइंग 747, म्हणजे जंबो, सेवेत आलं. त्यात साडेतीनशेच्या वर माणसं बसायची, कॉन्कॉर्डमध्ये शंभर. एका सीटमागे इंधन कॉन्कॉर्डला कितीतरी जास्त. ध्वनिवेग ओलांडताना होणाऱ्या धडाक्यामुळे अमेरिकेने जमिनीवरून तसं उडायला बंदी घातली. जानेवारी 1973 मध्ये पॅन अॅम आणि टीडब्ल्यूए यांनी माघार घेतली. बाकीचेही गळाले, एअर इंडियासुद्धा. त्याच वर्षी तेलाचे भाव भडकले. शेवटी विमानं बनली 20, आणि प्रवासी सेवेत आली 14. सात एअर फ्रान्सकडे, सात ब्रिटिश एअरवेजकडे. दोन्ही कंपन्या त्याच सरकारांच्या!

रशियाचं तुपोलेव 144 कॉन्कॉर्डच्या आधी, 31 डिसेंबर 1968 ला उडालं. पहिला नंबर मिळाला, पण प्रवासी सेवा जेमतेम सात महिने टिकली.

तुम्ही म्हणाल, सर, ब्रिटिश एअरवेजने कॉन्कॉर्डवर नफा कमावला होता ना? हो, कमावला. हीच जागा नीट समजून घ्या. 1984 मध्ये कंपनीने सरकारशी हिशोब मिटवला. साधारण 1 कोटी 65 लाख पाऊंड देऊन सुटे भाग आणि सगळी जबाबदारी स्वतःकडे घेतली. प्रवाशांना विचारलं की तिकीट कितीचं असेल, तर बरेच जण खऱ्या दरापेक्षा जास्त आकडा सांगत होते, कारण तिकीट कंपनी काढायची. मग दर वाढवले. रोजचा खर्च वजा जाता पैसे उरू लागले. पण विमान बनवायचा खर्च? तो करदात्यांनी आधीच सोसला होता, तो कधीच वसूल झाला नाही. वडिलांनी बांधलेल्या गाळ्यात भाडं न धरता दाखवलेला नफा असतो ना, तसाच हा नफा.

अमेरिकेतही बोइंगचं असंच विमान सरकारी पैशावर चाललं होतं. 1971 मध्ये तिथल्या संसदेने पैसा बंद केला. त्या वेळी नाक कापलं गेलं असं खूप जणांना वाटलं, सिएटलमध्ये हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. कॉन्कॉर्डचं शेवटचं प्रवासी उड्डाण 24 ऑक्टोबर 2003 ला झालं. बोइंगचं ते साधं, संथ जंबो मात्र त्यानंतरही बनत राहिलं. एकूण 1,574 विमानं झाली.