मेघबीजनाने डोंगरी नदीचे पाणी वाढते का? : सांख्यिकीय पडताळणी

हिवाळी ढगांत शून्य अंशाखालीही द्रवरूप राहिलेले जलबिंदू असतात. त्यांत सिल्व्हर आयोडाइडचे सूक्ष्म कण सोडले की बर्फाचे स्फटिक बनतात. यालाच मेघबीजन म्हणतात. या पाठात आपण पुढचा प्रश्न पाहू : त्यामुळे नदीचा अपवाह खरोखर वाढला, हे कसे ठरवायचे?

१. तुलना कशाशी?

बीजनाच्या वर्षी पाणी जास्त आले, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. ते वर्ष मुळातच जास्त बर्फाचे असू शकते. बीजन केले नसते तर किती पाणी आले असते, याचा अंदाज हवा. त्यासाठी बीजनाचा परिणाम न पोहोचणारी जवळची नदी 'नियंत्रण' म्हणून घेतात. बीजनापूर्वीच्या वर्षांवरून दोन्ही नद्यांच्या अपवाहांची समाश्रयण रेषा काढतात. बीजनाच्या वर्षांत या रेषेवरून येणारा अपेक्षित अपवाह प्रत्यक्ष अपवाहातून वजा केला, की परिणामाचा अंदाज मिळतो.

२. किती वर्षे लागतील?

समजा, अपवाहाचे प्रमाण विचलन सरासरीच्या ४०% आहे आणि खरा परिणाम ५% आहे. सरासरीची प्रमाण त्रुटी ४०/√n असते. परिणाम तिच्या दुप्पट हवा असेल, तर n = २५६ वर्षे!

आता नियंत्रण नदीशी सहसंबंध ०.९५ धरा. उरलेले विचलन ४० × √(१ − ०.९५²) ≈ १२.५%. मग n = २५ वर्षे. तरीही तेवढ्या काळात खरा परिणाम सापडण्याची शक्यता निम्मीच असते. (रेषेची स्वतःची त्रुटी येथे धरलेली नाही.)

३. यादृच्छिक निवड

दोन नद्यांमधील संबंध काळानुसार बदलू शकतो. शिवाय आकडे पाहून सोयीची नियंत्रण नदी निवडण्याचा मोह असतो. यावर उपाय म्हणजे यादृच्छिक प्रयोग. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात २००८ ते २०१४ या काळात मेडिसिन बो आणि सिएरा माद्रे या दोन पर्वतरांगांवर असा प्रयोग झाला. योग्य वादळ आले की कोणत्या रांगेवर बीजन करायचे हे यादृच्छिक पद्धतीने ठरे. दुसरी रांग नियंत्रण. छाननीनंतर उरलेल्या ११८ प्रसंगांत हिमवृष्टीचे गुणोत्तर १.०३ आले, पी-मूल्य ०.२८. म्हणजे बीजनाचा काहीच परिणाम नसता, तरी एवढी किंवा याहून जास्त वाढ १०० पैकी सुमारे २८ वेळा योगायोगाने दिसली असती. याचा अर्थ 'बीजन निरुपयोगी' असा नाही. 'या पुराव्याने शून्य परिकल्पना नाकारता येत नाही', इतकाच.

४. बर्फापासून नदीपर्यंत

बीजनयोग्य वादळांत हिमवृष्टी १०% वाढली आणि हंगामातील ३०% बर्फच अशा वादळांतून आला, तर एकूण वाढ ३% उरते. बीजन पाणलोटाच्या काही भागावरच झाले, तर नदीतील वाढ आणखी लहान. म्हणून 'पाणी १०% वाढले' असा दावा वाचलात, तर आधी विचारा : कशाच्या १०%?

स्वाध्याय : सहसंबंध ०.९८ असेल, तर भाग २ मधील गणितात किती वर्षे लागतील? (उत्तर : सुमारे १०)