संग्रहणीय पत्तेखेळातील प्रभावी संच आणि समतोलाचा प्रश्न : 'मॅजिक : द गॅदरिंग'मधील मिरोडिन कालखंड (२००३–२००५)

सारांश

'मॅजिक : द गॅदरिंग' या संग्रहणीय पत्तेखेळाच्या 'स्टँडर्ड' या स्पर्धाप्रकारात २००३ ते २००५ या काळात 'अॅफिनिटी' नावाच्या संचाने प्रभुत्व मिळवले. त्या काळातील प्रमुख संचांची ओळख, या प्रभुत्वाची कारणे आणि त्यावर योजलेले उपाय यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : संग्रहणीय पत्तेखेळ, स्पर्धाप्रकार, समतोल, संभाव्यता, बंदी.

१. प्रस्तावना

रमी, ब्रिज किंवा बदामसात यांसारख्या परिचित खेळांत सर्व खेळाडू ५२ पत्त्यांच्या एकाच कॅटमधून खेळतात. पाने वाटली जाईपर्यंत सर्वांची स्थिती समान असते. संग्रहणीय पत्तेखेळाने नेमके हेच गृहीतक बदलले. गणिताचे अभ्यासक रिचर्ड गारफिल्ड यांनी निर्माण केलेला आणि 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या अमेरिकन कंपनीने १९९३ मध्ये प्रकाशित केलेला 'मॅजिक : द गॅदरिंग' हा या प्रकारातील आद्य खेळ होय. यात प्रत्येक खेळाडू विकत घेतलेल्या वा देवघेवीतून मिळवलेल्या पत्त्यांतून स्वतःचा संच रचून आणतो. साहजिकच डाव सुरू होण्यापूर्वीच स्पर्धेचा अर्धा भाग पार पडलेला असतो.

असे असल्याने एखादा संच इतरांहून फार वरचढ ठरल्यास खेळाडूचे निवडीचे स्वातंत्र्य नाममात्र उरते. ही स्थिती कशी उद्भवते, हे समजण्यास मिरोडिन कालखंड विशेष उपयुक्त आहे.

२. खेळाची मूलभूत रचना

संचात किमान ६० पत्ते असावे लागतात. मूलभूत भूमींचा अपवाद वगळता एका नावाचे जास्तीत जास्त ४ पत्ते ठेवता येतात. प्रत्येक खेळाडूकडे आरंभी २० जीवनगुण आणि हातात ७ पत्ते असतात. 'भूमी' या पत्त्यांपासून 'माना' ही ऊर्जा मिळते व ती खर्च करून इतर पत्ते खेळले जातात. एका फेरीत एकच भूमी मांडता येत असल्याने सामान्यतः तिसऱ्या फेरीत ३ आणि सातव्या फेरीत ७ माना उपलब्ध होतो. हा क्रमच खेळाचा वेग नियंत्रित करतो. त्याला बगल देणारी कोणतीही योजना म्हणूनच समतोलाच्या दृष्टीने जोखमीची ठरते.

'स्टँडर्ड' प्रकारात केवळ अलीकडे प्रसिद्ध झालेल्या मालिकांतील पत्ते चालतात. नवी मालिका आली की जुनी कालांतराने बाद होते.

३. कालखंडातील प्रमुख संच

अॅफिनिटी : ऑक्टोबर २००३ मध्ये आलेल्या 'मिरोडिन' मालिकेत धातूच्या जगाची कल्पना होती आणि 'आर्टिफॅक्ट' या यंत्रवस्तूंच्या पत्त्यांना तीत मध्यवर्ती स्थान होते. 'अॅफिनिटी' हा गुण असलेल्या पत्त्याची किंमत खेळाडूच्या पुढ्यातील प्रत्येक यंत्रवस्तूमागे १ मानाने कमी होत असे. याच मालिकेत स्वतः यंत्रवस्तू असलेल्या पाच भूमीही होत्या. या दोहोंच्या संयोगाचा परिणाम साध्या आकडेमोडीने स्पष्ट होतो. पहिल्या दोन फेऱ्यांत अशा दोन भूमी मांडल्यास ४ माना किमतीचा 'फ्रॉगमाइट' २ मानात येतो. तिसऱ्या फेरीत तिसरी भूमी मांडताच एकूण यंत्रवस्तू ४ होतात आणि ७ माना किमतीचा 'मिर एन्फोर्सर' ३ मानात खेळता येतो. सातव्या फेरीचा पत्ता तिसऱ्या फेरीतच पुढ्यात येतो.

फेब्रुवारी २००४ मधील 'डार्कस्टील' मालिकेने या संचास 'आर्कबाउंड रॅव्हेजर' दिला. स्वतःच्या यंत्रवस्तूंचा बळी देऊन तो हवा तेव्हा वाढत असे. 'डिसायपल ऑफ द व्हॉल्ट' या मिरोडिनमधील पत्त्यामुळे नष्ट होणाऱ्या प्रत्येक यंत्रवस्तूमागे प्रतिस्पर्ध्याचा १ जीवनगुण कमी होई. त्यामुळे हल्ला अडवला गेला तरी वस्तूंचा बळी देऊन डाव संपवता येई.

गॉब्लिन : 'ऑन्स्लॉट' व 'स्कर्ज' मालिकांवर आधारित हा लाल रंगाचा आक्रमक संच होता. 'गॉब्लिन वॉरचीफ' आपल्या जमातीच्या पत्त्यांची किंमत घटवी आणि त्यांना तत्काळ हल्ल्याची मुभा देई, तर 'गॉब्लिन पाइलड्रायव्हर' सोबतच्या हल्लेखोर गॉब्लिनांच्या संख्येनुसार बलवान होई.

टूथ अँड नेल : हा हिरव्या रंगाचा, उशिरा परंतु निर्णायक घाव घालणारा संच. 'अर्झा' नावाच्या तीन वेगवेगळ्या भूमी एकत्र आल्या की त्यांच्यापासून एकूण ७ माना मिळे. त्याच्या बळावर 'टूथ अँड नेल' खेळून संचातील दोन प्रचंड प्राणी थेट पुढ्यात आणले जात.

अॅस्ट्रल स्लाइड : प्राणी तात्पुरते खेळाबाहेर काढून परत आणणारा हा नियंत्रक संच होता. 'इटर्नल विटनेस' हा प्राणी परत येताना टाकून दिलेला पत्ता हाती आणून देई. त्यामुळे तोच तो लाभ पुनःपुन्हा मिळवता येत असे.

४. प्रभुत्वाची कारणमीमांसा

पहिले कारण 'स्कलक्लॅम्प' हे होय. १ माना किमतीच्या या शस्त्राने प्राण्याचे बल १ ने वाढे, पण सहनशक्ती १ ने घटे. प्राणी मेल्यास खेळाडूला २ पत्ते मिळत. रचनेच्या अखेरच्या टप्प्यात सहनशक्तीतील ही घट योजण्यात आली होती. वरकरणी तो तोटा दिसला, तरी त्यामुळे १ सहनशक्तीचा प्राणी तत्काळ मरून १ मानाच्या खर्चात २ पत्ते हाती येत. अॅफिनिटी आणि गॉब्लिन या दोन्ही संचांनी त्याचा पुरेपूर लाभ घेतला.

दुसरे कारण उत्तरांच्या मर्यादेत आहे. यंत्रवस्तू नष्ट करणारे 'ऑक्सिडाइझ'सारखे स्वस्त पत्ते उपलब्ध होते. तथापि, ६० पत्त्यांत ४ प्रती ठेवल्यास आरंभीच्या ७ पत्त्यांत त्यांपैकी किमान एक येण्याची संभाव्यता सुमारे ४० टक्के असते. असे ८ पत्ते ठेवल्यास ती सुमारे ६५ टक्के होते. परंतु हेच ८ पत्ते इतर संचांविरुद्ध बहुधा निरुपयोगी ठरतात. शिवाय एक वस्तू नष्ट झाली तरी अॅफिनिटीच्या पुढ्यात इतर अनेक वस्तू शिल्लक असत.

तिसरी बाब मूल्यमापनाची आहे. अॅफिनिटी अजिंक्य नव्हता. मिरोडिन मालिकेपुरत्या मर्यादित प्रकारात झालेली २००४ ची कोबे येथील प्रो टूर स्पर्धा मासाशिरो कुरोदा यांनी लाल रंगाच्या संचाने जिंकली. त्याच वर्षीच्या सॅन फ्रान्सिस्को येथील विश्वविजेतेपद स्पर्धेत अॅस्ट्रल स्लाइड संच खेळणारे नेदरलँड्सचे ज्युलियन नाउटेन विजेते ठरले. मात्र केवळ विजेत्यांची यादी पाहून समतोल होता असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. प्रत्येक संच 'अॅफिनिटीविरुद्ध तो टिकेल काय?' या एकाच कसोटीवर रचला जात होता. पराभूत झाल्यावरही हा संच इतरांच्या निवडी ठरवत होता.

५. उपाययोजना

जून २००४ मध्ये स्टँडर्डमध्ये स्कलक्लॅम्पवर बंदी घालण्यात आली. १९९९ नंतरची या प्रकारातील ही पहिली बंदी होती. परंतु त्याच महिन्यात आलेल्या 'फिफ्थ डॉन' मालिकेने 'क्रेनियल प्लेटिंग' हे नवे साधन पुरवले आणि अॅफिनिटीचा जोर कायम राहिला. ऑक्टोबर २००४ मध्ये 'चॅम्पियन्स ऑफ कामिगावा' येताच ऑन्स्लॉट गट बाद झाला. गॉब्लिनसारखा जुना प्रतिस्पर्धीही त्यामुळे नाहीसा झाला.

अखेर मार्च २००५ मध्ये आठ पत्त्यांवर एकाच वेळी बंदी आली. रॅव्हेजर, डिसायपल, पाच यंत्रभूमी आणि डार्कस्टील मालिकेतील सहावी यंत्रभूमी 'डार्कस्टील सिटाडेल' यांचा त्यांत समावेश होता. एखादा घातक पत्ता काढून भागणार नाही, किंमत घटवणारा पायाच काढावा लागेल, ही जाणीव या निर्णयात दिसते. ऑक्टोबर २००५ मध्ये 'रॅव्हनिका' आल्यावर मिरोडिन गट नियमानुसार बाद झाला.

या निर्णयाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. येथे नियम करणारी आणि पत्ते विकणारी संस्था एकच आहे. बंदीमुळे खेळाडूंनी पैसे मोजून घेतलेले पत्ते त्या स्पर्धांपुरते निरुपयोगी होतात. बंदी न घातल्यास खेळाडू स्पर्धांपासून दुरावतात. दोन्ही पर्यायांत पणाला लागतो तो ग्राहकाचा विश्वास.

६. निष्कर्ष

१. खर्चाचा क्रम मोडणारा गुण आणि त्यास विनामूल्य आधार देणारे पत्ते एकत्र आल्याने असमतोल निर्माण झाला. एकट्या पत्त्यावर त्याचे खापर फोडता येत नाही.

२. वरकरणी तोटा भासणारी तरतूद प्रत्यक्षात लाभदायक ठरू शकते, हे स्कलक्लॅम्पवरून दिसते.

३. प्रभुत्वाचे माप केवळ विजयांच्या संख्येत नसते. इतरांच्या निवडी किती संकुचित झाल्या, हेही पाहावे लागते.

४. लक्षणांवरील अर्धवट उपाय प्रश्न लांबणीवर टाकतो. २००४ ची एका पत्त्यावरील बंदी आणि २००५ ची आठ पत्त्यांवरील बंदी यांतील अंतर हेच दर्शवते.

गणित, अर्थशास्त्र व वाणिज्य या विद्याशाखांत संभाव्यता, स्पर्धा आणि नियमन या संकल्पना शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडू शकेल.