मज्जेतून हाड की कूर्चा? एका पेशीचा आणि तिच्या नावाचा विचार

रायपूरहून दुर्गकडे जाणाऱ्या रस्त्याने खारून नदी ओलांडली की थोड्याच अंतरावर कुम्हारी लागते. एका अंगाला राजधानी, दुसऱ्या अंगाला भिलाईचा पोलाद कारखाना आणि मध्ये हे लहानसे नगर. येथील व्यवहार छत्तीसगढी व हिंदीत चालतो. परंतु नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या पट्ट्यात मराठी कुटुंबेही वसत आली आहेत. विदर्भाशी या प्रदेशाचा आणखी एक संबंध आहे आणि तो अक्षरशः रक्ताचा आहे. ग्रंथांतून ज्याला दात्रकोशिका पांडुरोग म्हणतात व लोक ज्याला सिकलसेल या नावानेच ओळखतात, तो आनुवंशिक विकार दोन्हीकडे मोठ्या प्रमाणावर आढळतो. मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाची नोंद शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशात, शहडोल येथे सुरू झाली.

या रोगात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाचा जो गोल माथा खुब्याच्या खोबणीत बसतो, त्याला होणारा रक्तपुरवठा मुळातच बेताचा असतो. तो तुटला की आतले हाड मरते आणि माथा हळूहळू खचतो. ऐन विशीतला माणूस लंगडू लागतो. कृत्रिम सांधा बसविणे हा उपाय आहेच. पण कृत्रिम सांधा झिजतो, आणि वीस वर्षांच्या रुग्णापुढे उभे आयुष्य असते. म्हणून दुसरा विचार पुढे आला. कमरेच्या हाडातून रुग्णाचीच मज्जा काढावी, तिच्यातील पेशींचे प्रमाण वाढवून ती दाट करावी आणि मेलेल्या माथ्याला भोक पाडून तेथे सोडावी. हाडाची मज्जा हाडालाच परत देण्याचा हा व्यवहार आहे. तो कशाच्या बळावर केला जातो, हे समजण्यासाठी मज्जेतील एका पेशीची ओळख करून घ्यावी लागते. आणि त्याआधी ‘मज्जा’ या शब्दाशीही थोडे थांबावे लागते.

मराठीत हा शब्द दुहेरी झाला आहे. मज्जासंस्था आणि मज्जारज्जू या आपल्या रूढ संज्ञांत मज्जेचा संबंध मेंदूशी व संवेदनेशी आहे. हाडातल्या पदार्थाचा उल्लेख करायचा तर ‘अस्थिमज्जा’ असे मुद्दाम म्हणावे लागते. स्वयंपाकघरातील मराठी याबाबत अधिक नेमकी आहे. नळी फोडून आतला मगज चोखणाऱ्याला ही अडचण कधी पडली नसावी. आयुर्वेदाच्या सप्तधातुक्रमात रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र अशी परंपरा सांगितली आहे आणि पूर्वीच्या धातूपासून पुढच्याचे पोषण होते असे मानले आहे. म्हणजे तेथे मज्जा अस्थीनंतर येते. आजचे जीवशास्त्र हाड घडविणाऱ्या पेशी मज्जेत शोधते. दिशा उलट आहे. या उलटेपणावरून प्राचीनांना दोष देण्याचे कारण नाही. तसेच मेद आणि अस्थी एकापुढे एक आहेत एवढ्यावरून त्यांना आधुनिक शोधाचे श्रेय देण्याचेही नाही. धातुक्रम हा पोषणाचा विचार आहे, पेशींच्या वंशाचा नव्हे. सुश्रुताने हाडांचे जे पाच प्रकार सांगितले त्यांत नाक, कान, मान व नेत्रकोश येथील हाडांना ‘तरुण’ म्हटले आहे. त्याच्या शब्दाची ही निवड मात्र लक्षात ठेवावी. कूर्चा, कास्थी, उपास्थी अशी आज प्रचलित असलेली नावे त्या पदार्थाचे हाडाहून वेगळेपण किंवा दुय्यमपण सांगतात. ‘तरुण’ हा शब्द त्याचे वय सांगतो. गर्भात आपली बहुतेक हाडे आधी कूर्चेची असतात, हे पाहता तो शब्द चांगलाच बसतो.

‘मूलपेशी’ या संज्ञेची कथा निराळी आहे. अर्न्स्ट हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाने १८६८ साली ‘श्टामत्सेल’ हा शब्द वापरला तो वंशवृक्षाच्या संदर्भात. ‘श्टाम’ म्हणजे झाडाचे खोड, आणि वंशही. सर्व सजीवांची आद्य एकपेशीय पूर्वज अशी पेशी त्याला अभिप्रेत होती. भारतीय भाषांत येताना कोठे खोड राहिले, तर कोठे मूळ आले: मराठीत स्कंधपेशी व मूलपेशी ही दोन्ही रूपे आहेत, हिंदीत मूल कोशिका व स्तंभ कोशिका ही दोन्ही. यांपैकी ‘मूल’ टिकले व लोकप्रिय झाले. त्यात नुकसानही झाले. खोडाला फांद्या फुटतात, त्या सर्व एका बाजूला वाढत जातात आणि फांदी पुन्हा खोड होत नाही. हा अर्थ ‘मूल’ शब्दात उरत नाही. उलट मूळ म्हटले की सर्व काही पुन्हा पहिल्यापासून करण्याचे सामर्थ्य मनात येते. मज्जेतील ज्या पेशीविषयी येथे बोलायचे आहे तिच्यात ते सामर्थ्य नाही. ती यकृत किंवा मेंदू घडवत नाही. हाड, कूर्चा, मेद आणि मज्जेतल्या रक्तपेशींना आधार देणारी चौकट, एवढ्याच तिच्या फांद्या.

मज्जेतून हाड उगवते हे फ्रान्समध्ये गूझों याने १८६९ साली सशांवर दाखविले होते. परंतु मज्जेतल्या कोणत्या पेशीतून, हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षे तसाच राहिला. तो सोडविण्याचे काम मॉस्कोत अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात केले. रीत साधी होती. मज्जा एका तबकडीत ठेवली की रक्ताच्या पेशी द्रवात तरंगत राहतात. काही थोड्या पेशी मात्र तळाला चिकटतात, लांबट होतात आणि वसाहती करतात. प्रत्येक वसाहत एकेका पेशीपासून निघालेली असते. या वसाहतींतील पेशी प्राण्याच्या शरीरात रोपल्या तर त्यांच्यापासून हाड तयार होते आणि त्या हाडाच्या पोकळीत नवी मज्जाही भरते. तपासणीत असे दिसले की हाड रोपलेल्या पेशींचे आहे, पण त्यातले रक्त यजमान प्राण्याचे आहे. म्हणजे एकाच मज्जेत दोन स्वतंत्र घराणी नांदतात: एक रक्ताचे, एक सांगाड्याचे. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे. सांगाड्याच्या घराण्यातील मूळ पेशी संख्येने फार थोड्या असतात. मज्जेतील दहा हजार ते एक लाख पेशींत एखादी.

याच पेशी सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याने बंद केलेल्या कुपीत घालून शरीरात ठेवल्या, तर पोषण मिळणाऱ्या कडेला हाड आणि आत, रक्तवाहिन्यांपासून दूर, कूर्चा अशी मांडणी दिसते. पेशी त्याच, प्राणी तोच. फक्त जागा वेगळी.

हाडाकडे जाणारी वाट आज बरीच माहीत आहे. तबकडीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, क जीवनसत्त्व आणि फॉस्फेट देणारे एक संयुग घातले की पेशीच्या केंद्रकात प्रथम रन्क्स-२ आणि नंतर ऑस्टेरिक्स ही नियामक प्रथिने काम करू लागतात. पहिल्याचे महत्त्व १९९७ मध्ये, दुसऱ्याचे २००२ मध्ये सिद्ध झाले: यांपैकी कोणतेही एक नसलेल्या उंदरांत हाड तयारच होत नाही. पेशी आधी पहिल्या प्रकारचे कोलॅजेन विणते व मग त्या विणीत कॅल्शियम-फॉस्फेटचे कण बसतात. साधारण तीन आठवड्यांनी तबकडीवर ॲलिझरिन टाकले की जेथे कॅल्शियम साठले तेथे तांबडा रंग चढतो. हे ॲलिझरिन मूळचे आपल्या मंजिष्ठेच्या युरोपीय भावंडाच्या मुळांतले. मांजिष्ठ रंगाशी काव्यशास्त्रातून परिचित असलेल्या वाचकाला ही ओळख अनपेक्षित वाटेल.

कूर्चेची वाट वेगळी. तबकडीवर पसरलेल्या पेशी सहसा कूर्चा करत नाहीत. त्यांना एकत्र दाटून गोळा करावे लागते. गर्भातही हातापायांच्या अंकुरात पेशींची अशीच दाटी प्रथम होते. त्या गोळ्याला टीजीएफ-बीटा हे वाढघटक प्रथिन मिळाले की सॉक्स-९ जागे होते आणि दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन व पाणी धरून ठेवणारे ॲग्रिकॅन तयार होऊ लागते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. हा तिचा परिणाम की तिचे कारण, याचे उत्तर बेल्जियममधील लव्हेन येथील संशोधकांनी २०२० मध्ये दिले. रक्ताबरोबर स्निग्ध पदार्थ येतात; ते न मिळालेल्या पेशीत सॉक्स-९ वाढते आणि ती कूर्चा होते, असे त्यांना आढळले. हाड मोडल्यावर भेगेच्या मध्यभागी, जेथे वाहिन्या तुटलेल्या असतात तेथे, आधी कूर्चा धरते याचा उलगडा यातून होतो. भुकेल्या जागी भुकेत टिकणारा पदार्थ तयार होतो.

पण ही कूर्चा टिकत नाही, आणि वैद्यकाची अडचण नेमकी येथे आहे. मज्जेतील पेशींपासून केलेली कूर्चा काही आठवड्यांत फुगते, दहाव्या प्रकारचे कोलॅजेन करू लागते, वाहिन्यांना आत बोलावते आणि हाड होऊ पाहते. गर्भात व मोडलेल्या हाडात हेच हवे असते. गुडघ्याच्या झिजलेल्या गादीत मात्र कायम तरुण राहणारी कूर्चा हवी असते, आणि मज्जेतल्या पेशीला तसे राहायला लावणे अद्याप नीट साधलेले नाही.

येथे कुंभार आणि माती हा दृष्टान्त हाताशी येतो. संतकवितेने तो आपल्या अंगवळणी पाडला आहे, आणि कुम्हारी हे नावही तो सुचविते. तो येथे लागू पडत नाही. मातीला आपले काही म्हणणे नसते आणि चाकावर एक कर्ता असतो. येथे कर्ता कोठेही सापडत नाही. २००६ मध्ये एंगलर व डिश्चर यांनी मज्जेतील पेशी निरनिराळ्या कठीणपणाच्या थरांवर वाढविल्या. मऊ थरावर त्यांची लक्षणे चेतापेशींकडे झुकली, मध्यम थरावर स्नायूंकडे, कठीण थरावर हाडाकडे. पायाखालची जमीन, शेजाऱ्यांची दाटी, प्राणवायूचे व स्निग्धांचे प्रमाण या सर्वांतून पेशीचा अर्थ ठरतो. अर्थ संदर्भातून ठरतो हे साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाही. मात्र शब्दाप्रमाणेच पेशीलाही संदर्भाने वाटेल तो अर्थ देता येत नाही, हे विसरू नये.

मेदाची फांदी या विषयात बहुधा उपेक्षित राहते. पीपीएआर-गॅमा हे नियामक बळावले की तीच पेशी हाड न होता चरबी होते, आणि वाढत्या वयात हे प्रमाण वाढत जाते. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे मज्जेला मेदाकडे वळवितात व खुब्याचा माथा मरण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. आणि तबकडीत याच जातीचे औषध हाडाकडे जाण्यास मदत करते. मात्रा, काळ आणि सोबतीचे पदार्थ बदलले की परिणाम उलटतो. महाराष्ट्रातही या वळणांचा शोध चालू आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मोहन वाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखविले की इंटरल्यूकिन-३ हे मज्जेतच वावरणारे संदेशवाहक प्रथिन मानवी पेशींना हाडाकडे वळविते. हेच प्रथिन हाड खाणाऱ्या पेशींच्या निर्मितीला आवर घालते, हे त्याच गटाने पूर्वी मांडले होते.

आता खुब्याकडे परत यावे. पॅरिसजवळ क्रेतेय येथे फिलिप एर्निगू यांनी मज्जा सोडण्याची ही शस्त्रक्रिया दीर्घकाळ केली. त्यांच्या रुग्णांत सिकलसेलचे रुग्णही होते. २०१८ मध्ये त्यांनी दोन्ही खुबे बिघडलेल्या १२५ जणांचा सरासरी २५ वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. एका बाजूला केवळ भोक पाडले होते, दुसऱ्या बाजूला मज्जाही सोडली होती. मज्जेच्या बाजूला ३५ माथे खचले, दुसऱ्या बाजूला ९०. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील रमेश सेन प्रभृतींनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक अभ्यासातही मज्जेची बाजू उजवी ठरली. मात्र एर्निगूंचे ते १२५ रुग्ण स्टेरॉइडमुळे आजारी झालेले होते, आणि उपचार माथा खचण्यापूर्वी झाला होता. खचलेला माथा मज्जेने पुन्हा गोल होत नाही.

सोडलेली पेशी तेथे स्वतः हाड होते की शेजारच्या पेशींना संदेश देऊन त्यांच्याकडून काम करवून घेते, यावर अजून एकमत नाही. ज्या आर्नल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये या पेशींना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव देऊन रूढ केले, त्यांनीच २०१७ मध्ये त्यातला ‘स्टेम’ काढून ‘औषधी संदेशक पेशी’ या अर्थाचे नाव घ्यावे असे लिहिले. आद्याक्षरे त्यांनी तीच राखली, ही गोष्ट बोलकी आहे. शास्त्रज्ञ ज्या शब्दातून माघार घेऊ लागले, तोच बाजाराने उचलून धरला. गुडघ्यापासून मतिमंदत्वापर्यंत सर्वांवर ‘स्टेम सेल’ विकणाऱ्या जाहिरातींना आवर घालण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मान्यताप्राप्त चाचण्यांबाहेर अशा पेशींच्या उपचारात्मक वापराला मनाई केली. अपवाद आहे तो रक्तविकारांत दीर्घकाळ सिद्ध झालेल्या रक्त-मूलपेशींच्या रोपणाचा.

कुम्हारीतल्या रुग्णाला संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी त्याच्या भाषेत जे सांगितले पाहिजे ते याच अपवादात आहे. खुब्यात सोडल्या जातात त्या सांगाड्याच्या घराण्यातील पेशी. सिकलसेलचा दोष वाहते ते रक्ताचे घराणे. मज्जा एकच, म्हणून उपचारही एकच असा समज सहज होतो. माथ्यात नवे हाड धरले तरी रक्तातील विळे तसेच तयार होत राहतात आणि उद्या दुसऱ्या खुब्याची किंवा खांद्याची वाहिनी अडू शकते. त्यावरचे मार्ग वेगळे आहेत: रोज घ्यायचे हायड्रॉक्सीयुरिया, जुळणाऱ्या भावंडाच्या रक्त-मूलपेशींचे रोपण, आणि २०२३ च्या अखेरीस प्रथम ब्रिटनमध्ये व मग अमेरिकेत मान्य झालेले जनुकसंपादन, ज्याची किंमत आज या पट्ट्यातील कोणत्याही कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे.