जवळची शाळा कोणाची?

मुलाला घराजवळची शाळा असावी, यात वावगे ते काय? परंतु या साध्या मागणीआड कधी कधी भिंत उभी असते.

अमेरिकेतील बॉस्टन शहर पाहा. तेथे गोऱ्यांच्या वस्त्या निराळ्या, काळ्यांच्या निराळ्या. अर्थात शाळाही निराळ्या. १९७४ साली न्यायालयाने मुलांना बसने एकमेकांच्या भागातील शाळांत पाठविण्याचा आदेश दिला. नगरसेविका लुईझ डे हिक्स यांनी विरोधाचे पुढारीपण केले. मुलांनी आपल्या वस्तीतच शिकावे, हे त्यांचे म्हणणे. लांबच्या प्रवासाची आईबापांची काळजी खोटी नव्हती. पण वस्तीच विभागलेली असली, तर शाळा एक कशी व्हावी?

हे आपणांस परके वाटू नये. अस्पृश्यांच्या मुलांसाठी निराळी शाळा ही आपल्याकडचीही रीत. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ साली अशा शाळा बंद करून मुलांना एकत्र शिकविण्याचा हुकूम काढला.

पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलला : १ किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेस सूट. जालन्यासारख्या दाट वस्तीच्या शहरात किती शाळा अशा सुटल्या असत्या, याची कल्पना करावी. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो नियम रद्द केला.

तेव्हा जवळच्या शाळेचे गुण कोणी गाऊ लागला, तर एवढेच विचारावे : तेथे कोणाची मुले येतात, आणि कोणाची येत नाहीत?